बंगलोरचं पाकीट

पाकीट हातात पडलं तशी सीमानं आधी दाराला कडी घातली. पाकिटावर पत्ता तिच्याच घराचा होता, मुक्काम तिवसा. नाव मात्र निखतचं.

निखत तिची बारावीच्या वर्गातली मैत्रीण. तिला अंतराळात जायचं होतं. अमरावती नाही, नागपूर नाही, थेट अंतराळात! अन् पोरगी नुसती बोलणारी नव्हती हो. चक्कर सहन करायची सवय व्हावी म्हणून चिखलदऱ्याच्या सहलीत ती हॉटेलामागच्या रिकाम्या ड्रममध्ये बसली आणि उतारावरून गडगडत खाली गेली. ड्रम ढकलला होता सीमानंच, डोळे घट्ट मिटून. सीमा पक्की भित्री भागूबाई, पण निखतला नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही.

ड्रमची गोष्ट निखतच्या बापाच्या कानावर गेली. नबीचाचांचं बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान. कापसाला भाव नाही, म्हणून शेतकऱ्यांची डवरे-वखर ही अवजारं दुरुस्तीला येईनात, आणि चाचांचं डोकं कायम तापलेलं. त्यांनी साऱ्या गल्लीसमोर बजावलं, "आता एक जरी कारनामा दिसला, तर कालेज बंद अन् निकाह!"

म्हणून बंगलोरच्या अंतराळ शिबिराचा अर्ज भरताना निखतनं पत्ता सीमाचा दिला. "तुह्यावर कोणाले शक येणार नाही," ती म्हणाली होती.

सीमानं पाकीट फोडलं. निवड झाली होती! साऱ्या राज्यातून चार मुली, त्यात निखत. सीमाच्या डोळ्यांत पाणीच आलं. खाली लाल अक्षरांत छापलं होतं: शिक्क्याचं हे मूळ पत्र आणल्याशिवाय प्रवेश नाही, दुसरी प्रत मिळणार नाही. हजर व्हायचं सोमवारी. आज गुरुवार.

तेवढ्यात दारात लुना थांबली.

सीमानं खिडकीतून पाहिलं. नबीचाचा! भर दुपारी, दुकान सोडून! आई वावरात गेलेली, घरात ती एकटी.

"सीमा! दार उघड वो. निखतचं पत्र आलं म्हणते पोस्टमन."

मेले मी! पोस्टमननं घात केला. आता कुठं लपवावं? डब्यात? गादीखाली? चाचा सारं घर उलटंपालटं करतील. पत्र सापडलं की निखतचं शिक्षण संपलं. पत्रच नसलं तर निदान पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज तरी भरता येईल.

कडी वाजली. पुन्हा वाजली.

चुलीवर भाकरीचा तवा होता. सीमानं पत्र तव्याखाली सरकवलं, मागून पाकीटही. बोटं भाजली. फुंकणीनं जाळ केला, सगळं काळं होऊन चुरलं, मगच दार उघडलं.

"कोणतं पत्र, चाचा? काहीच नाही आलं."

चाचा आत आले. त्यांनी डबे पाहिले नाहीत, गादी पाहिली नाही. खाटेवर बसले आणि टोपी काढून घाम पुसला.

"भिऊ नको, बेटा. काल निवडीची यादी लागली तव्हा निखतनं सारं सांगतलं मले. लय रडली. मी म्हटलं, येवढी जिद्द हाये तं जा." त्यांनी वरच्या खिशातून रेल्वेची दोन तिकिटं काढली, मग पेन काढला. "दुकान बंद ठेवून मीच घेऊन चाललो तिले. आण ते पत्र. बापाची सही कुठं करा लागते, दाखव."