मावशींच्या फोनवरचा ओटीपी

इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला अजून दीड महिना होता, पण शिष्यवृत्तीच्या अर्जाला ते जोडायचं होतं आणि अर्जाची मुदत आज पाचला संपत होती. म्हणून दिगंबर शेवाळे आयुष्यात पहिल्यांदाच जूनमध्ये रिटर्न भरायला बसले होते. शेजारी लेक, ऋजुता.

शेवटचा ओटीपी आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर गेला. तो नंबर दिगंबररावांनी कधीच सोडला होता. ऋजुताने वडिलांच्या फोनवरून तिथे फोन लावला, तर उदगीरच्या कुणी अनसूयाबाई बोलल्या.

“मावशी, तुमच्या फोनवर आमचा ओटीपी आलाय. सांगता का?”

“ओटीपी कुणाला सांगू नये, असं टीव्हीवर रोज सांगतात.”

“अहो, माझ्या शिक्षणासाठी हवाय. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय.”

“मग सांग, आमची म्हैस कालपासून चारा का खात नाही?”

ऋजुताने रवंथ करते का, पोट फुगलंय का, सगळं विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, “मावशी, मला अजून काहीच येत नाही. तिला आजच दवाखान्यात दाखवा.”

“चोराने लगेच औषध सांगितलं असतं,” मावशी म्हणाल्या. “घे लिहून.”

पाचला चार मिनिटं असताना अर्ज गेला. अर्जातही आधारचाच नंबर गेला होता आणि शिष्यवृत्तीचे मेसेजही त्याच नंबरवर जाणार, हे घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी दिगंबररावांना फोन आला. “मेसेज आलाय. आपल्या पोरीला शिष्यवृत्ती मिळाली. मी गल्लीत पेढे वाटले, आता तुम्हीही वाटा.”