महिन्याचा पहिला शनिवार

ओहायोतल्या त्या गावाच्या वाचनालयात राखीव हवाई वाहतूक तुकडीच्या इतिहासाचं पातळ पुस्तक आलं. ते नोंदवताना वर्ना शेवटच्या पानावर थबकली : ‘१९६३च्या जूनमध्ये तुकडी बरखास्त करण्यात आली.’ आता १९६६ चालू होतं, आणि तिचा नवरा एल्वुड दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गणवेश घालून त्याच तुकडीच्या सरावाला जात होता. गणवेशाला कडक इस्त्री अर्थात वर्नाचीच.

बाईची भानगड, दुसरं काय!

पुढच्या शनिवारी तिनं त्याच्यामागे गाडी काढली. एल्वुड सरळ विमानतळावरच्या जुन्या शेडमध्ये शिरला. तिनं खिडकीतून डोकावलं. आत आठ गणवेशधारी बाप्ये कॉफी पीत बसले होते. विमान नव्हतं. “विमान कुठंय?” ती मोठ्यानंच बोलून गेली.

“हळू गं, ऐकतील ना!” मागून तुकडीतल्या वैमानिकाची बायको बर्नाडीन कुजबुजली. “विमान दुरुस्तीला गेलंय, असं कळवलंय त्यांना.”

“तीन वर्षं?”

“लष्करी काम. कुणालाच शंका आली नाही.”

“आणि दर महिन्याला शिक्का मारून येतं ते बोलावणं?”

“मी टाइप करते. शिक्का बटाट्याचा.”

म्हणजे यामागे बाई होतीच!

“सगळे आत गेले की नाही ते मी बघून जाते, मग आम्ही सगळ्या बायका माझ्याकडे पत्ते कुटत बसतो,” बर्नाडीन म्हणाली. “तुला नाही बोलावलं. वाटलं, तुला नवरा घरात आवडत असेल.”

वर्नानं पुन्हा एकदा खिडकीतून पाहिलं. एल्वुड चौथ्यांदा तोच विनोद सांगत होता.

“पुढच्या पत्रात,” ती म्हणाली, “रविवारपण घाल.”