काच पुसणारा

पहारीचा घाव कॅमेऱ्यावर बसला आणि करिष्मासमोरचा डावा पडदा काळा पडला. पहार तिकडे तांब्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात. करिष्मा इकडे चाकणच्या ऑफिसात, एसीमध्ये. मधे अख्खा महाराष्ट्र. तरी ती खुर्चीतल्या खुर्चीत दचकून मागे सरली.

तिच्या हातातल्या दोन दांड्यांवर खाणीतला लोडर चालायचा. खाली सुरुंग लावून तांब्याचा खडक पाडायचे आणि लोडर तो बकेटमध्ये भरून बाहेर आणायचा. मागे जी पोकळी उरते तिच्या छताला आधार द्यायचा तर खर्च फार. म्हणून तिथं माणसानं पाऊल टाकायचं नाही, असा नियम. लोडरवरचा माइक आणि थांबवायचं लाल बटण बिघडून महिना झाला होता, पण मॅनेजर सुजितच्या बजेटमध्ये ते बसत नव्हतं. सुजितचा हात खिशात जायचा तो फक्त मोबाइल काढायला.

आजच धुळीनं कॅमेऱ्यांच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या. लोडर बाहेर आणून पुसायच्या तर काम खोळंबणार. सुजितनं खाली फोन केला आणि थोड्याच वेळात दोन्ही पडद्यांवर फडकं फिरलं. नियम कुठं वाकवायचा हे त्याला बरोबर कळायचं. चित्र लख्ख झालं. बकेटच्या अगदी पुढ्यातली जमीन तेवढी करिष्माला कधीच दिसत नसे, पण तिथं खडकाशिवाय असणार काय? तिनं लोडर पुढं घेतला, आणि हा पहारवाला उगवला.

आज तिची ट्रायलची शेवटची शिफ्ट होती. आज माल पुरेसा निघाला तर ती कायम, नाहीतर परत वायरिंगच्या लाइनवर. लोडर आल्यापासून खाणीतली निम्मी माणसं घरी बसली होती. एखादा डोकं फिरवून मशीन फोडायला येईल, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"घाल अंगावर," सुजित मागून म्हणाला. "पळेल आपोआप."

करिष्मानं दांडी रेटली. तिनंच रेटली, आणि रागानं रेटली. बकेटची कड त्या माणसाच्या खांद्यात बसली, तो भिंतीवर आपटला. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. पण गडी पळाला नाही. तोंड वासून ओरडत तो मशीनवर चढला आणि उरलेल्या कॅमेऱ्यावर घाव घालत सुटला. काच तडकली, मग उजवा पडदाही गेला. दोन्ही कॅमेरे मेले की लोडर जागच्या जागी थांबतो, हे खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सुजितनं खाणीच्या गेटवर फोन लावला. तो माणूस धापा टाकत वर आला तो थेट गार्डांच्या तावडीत. स्पीकरवर काठ्यांचे आवाज यायला लागले. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण काठ्यांच्या मधून "रवी, रवी" एवढंच कळत होतं.

"साथीदार असेल," सुजित म्हणाला.

"माझी नोकरी खाल्ली त्यानं," करिष्मा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "द्या अजून."

त्यांनी अजून दिले. काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि मग तो माणूस गप्प झाला. करिष्माला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

फोन ठेवला तोच दुसरा वाजला. खालून, खाणीतला मुकादम मालोजी बोलत होता.

"साहेब, लोडर चालू करू नका. काच पुसायला पाठवलेला आपला रविराज बकेटच्या तोंडाशी पडलाय. छताचा दगड आलाय पायांवर. सोनबानं कॅमेरे फोडून मशीन थांबवलं म्हणून जिवंत आहे पोरगा. माणसं आणायला सोनबा वर पळालाय, साहेब. पोचला का तो?"