उन्हाचं खत

"पाणी शुद्ध आहे ना?" काचेच्या कुंडीकडे बोट दाखवत डॉक्टर देवस्थळी बाईंनी विचारलं.

"डिस्टिल्ड आहे. आमचा शिपाई निंगप्पा स्वतः काढतो," बाबर सर अभिमानानं म्हणाले.

निंगप्पाची पाचावर धारण बसली. त्यानं मान खाली घातली आणि स्वच्छ असलेली गच्ची उगाचच पुसायला घेतली.

अठ्ठ्याहत्तरचा एप्रिल होता. कॉलेज ओस पडलं होतं आणि सोलापूरचं ऊन डोकं भाजून काढत होतं. बाबर सरांना मात्र ते ऊन हवंच होतं. हवा, पाणी आणि ऊन, एवढ्यातून अमोनिया काढायचा, म्हणजे खतच काढायचं, हे खूळ दोन वर्षं त्यांच्या डोक्यात होतं. गंज मिसळलेली पांढरी भुकटी पाण्यात टाकायची, हवेचे बुडबुडे सोडायचे आणि कुंडी दिवसभर तापवायची. सर मूळचे सांगोल्याचे. "आमच्याकडं पाऊस नाही, ऊन उदंड," असं ते येईल त्याला सांगत.

मग त्या पाण्यात तपासणीचं औषध घालायचं. अमोनिया असला तर पिवळा रंग येणार. दोन वर्षांत तो एकदाही आला नव्हता. पैसा दिल्लीचा होता; त्यांच्या वतीनं बाई पुण्याहून शेवटचं बघायला आल्या होत्या. आज रंग नाही आला तर काम बंद.

आणि नेमकी सोमवारी डिस्टिल्ड पाण्याची मोठी बरणी निंगप्पाच्या हातून फुटली होती. ही तिसरी. "आता काही फोडलंस तर सरळ गावाची, दुधनीची गाडी धर," अशी हेडक्लार्कनं तंबी दिलेली. बिचाऱ्यानं काचा लपवल्या, घरून पितळी पातेलं आणलं आणि नवं पाणी त्यात धरलं. सरांना बोलला नाही. नळाच्या पाण्याचा थेंब जरी भांड्याला लागला तरी प्रयोग नासतो, असं सर हजारदा बजावत. त्या पातेल्यानं आज सरांचा प्रयोग नासला तर? नोकरी जाईलच, पण सरांना तोंड कसं दाखवायचं?

चार वाजता सगळे खाली प्रयोगशाळेत आले. निंगप्पा दाराला टेकून उभा राहिला.

"आधी अंधारातलं," बाई म्हणाल्या. तीच भुकटी घातलेली एक बाटली सरांनी गेल्या आठवड्यात पाडव्याला भरून कपाटात बंद केली होती. तिच्यातल्या पाण्यात औषध पडलं. काही झालं नाही.

"आता उन्हातलं."

एक थेंब पडला, मग दुसरा. निंगप्पानं डोळे मिटून स्वामी समर्थांचं नाव घेतलं.

"बाबर," बाईंनी हाक मारली, "हे बघा."

नळीतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं होतं.

बाईंनी नळी पांढऱ्या कागदावर धरून तीनतीनदा पाहिली. "अंधारातलं कोरं आणि उन्हातलं पिवळं. आणखी काय पुरावा हवा? मी आत्ताच दिल्लीला ट्रंककॉल लावते." त्या जवळजवळ धावतच ऑफिसकडे गेल्या.

सर मटकन स्टुलावर बसले. रडत होते. "निंगप्पा, तू नसतास तर हे झालं नसतं रे."

आता मात्र निंगप्पाला राहवेना. "सर, येक चुकी झाली माझी. पान्याची बरनी फुटली. सोमवारीच. भ्यालो, म्हनून बोललो न्हाय."

सर रडता रडता हसले. उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, बरणीचं काय घेऊन बसलास! अशा दहा आणू. मग पाणी कशात धरलंस?"

निंगप्पाच्या छातीवरचा धोंडा उतरला. "घरच्या पातेल्यात. पर काळजी करू नका, लई चोख हाय. मुद्दाम कल्हई करून घेतली. कल्हईवाला पान्यात बुडवाय लागला तर म्या हात धरला त्याचा. म्हनलं, सरांनी सांगितलंय, नळाचं पानी लागता कामा नये."

सरांचा हात खांद्यावर तसाच राहिला. "म्हणजे धुतलंच नाहीस?"

"थेंब लागू दिला न्हाय की! नुसतं फडक्यानं पुसून आनलं. त्यानं नवसागर टाकला तवा काय झनका उठला सर, डोळ्यांतनं पानी आलं. अक्षी तुमच्या त्या अमोनियाच्या बाटलीवानी."