पितळी पलंग

भाच्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारची टॅक्सी करायची म्हणून तिच्यात ट्रॅक्टरचं इंजिन बसवता बसवता माझी पाठ मोडली होती. बॉनेट कापून उंच केलं, रेडिएटर झाळला. हवानात सुटे भाग मिळतात कुठे? “मामा, काढलेलं इंजिन भंगारात नको देऊस,” भाचा म्हणाला, “त्यालाही पाण्याच्या नळ्या करून दे.” “कशाला रे? त्याला आता गाडी कुठंय?” तो हळूच म्हणाला, “खाऱ्या पाण्यात टिकतील अशा कर.” माझा हात थांबला. माझा धाकटा भाऊही असंच इंजिन होडीला लावून मायामीला निघाला होता. त्याचा फोन कधीच आला नाही. त्याच्या नळ्या लोखंडी होत्या. मी बायकोच्या पलंगाचे पोकळ पितळी दांडे कापून आणले. कॉफी घेऊन आलेल्या बहिणीला रडूच फुटलं. “पोराच्या टॅक्सीसाठी वहिनीचा पलंग मोडलास, दादा? गाडी धावू लागली की आता पोरगं कुठं जात नाही.”