लाल बटण

"पट्ट्यांतून बाळाला कोणी काढलं?" पोलीस अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, अगदी हळू आवाजात. न्यूझीलंडमधल्या त्या लहानशा हॉस्पिटलच्या बाकावर सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. बाळाच्या दुपट्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

विमानतळावर गाडी भाड्याने घेतली तेव्हाच मी त्यांना नियम सांगितला होता. इथे बाळ त्याच्या खुर्चीतच हवं, पट्टे लावून. "माझ्या मांडीवर तीन पोरं मोठी झाली, एकाला खरचटलंसुद्धा नाही," एवढं बोलून त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

आज सकाळी नवरा गाडी चालवत होता आणि बाळ रडरड रडत होतं. मागे खुर्चीचं लाल बटण दाबल्याचा खट्ट आवाज आला. मी वळून पाहिलं. बाळ सासूबाईंच्या मांडीवर शांत झालं होतं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले, आणि पुन्हा पुढे बघत बसले. पुढच्याच वळणावर समोरून ट्रक आला.

"मी काढलं," मी म्हणाले. अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

बाळ गेल्याचं डॉक्टरांनी मला आणि नवऱ्यालाच सांगितलं होतं. तो आत बाळापाशीच थांबला होता. सासूबाईंनी माझा दंड धरला. "काय गं विचारतोय तो?"

"बाळाचं नाव विचारतायत, आई."

"मग सांग ना. शार्दूल म्हणावं. गुरुवारी सात महिन्यांचा होईल."