खिडकीतली जागा

उद्या गवंडी येणार होते. मागच्या महालाच्या दाराशी विटा आजच येऊन पडल्या होत्या.

राजे जाऊन चाळीस दिवस झाले, की राणीने त्या महालात जायचं आणि मागे दार चिणून घ्यायचं, असा त्या घराण्याचा नेम. ताट सरकेल एवढंच भोक भिंतीत ठेवायचं. सोबतीला एक दासी, तीही जन्माची. या खेपेला सावलीचं नाव निघालं होतं.

सावली राणीसाहेबांच्याच उंचीची, त्यांच्याच खांद्यांची. रोज दुपारी राणीने खिडकीत बसून लोकांना दिसायचं असे. डोकं दुखत असलं, की राणीसाहेब सावलीला बसवत. तोंडावर काळी जाळी ओढली, की कुणाच्या बापाला कळत नसे. ठाऊक होतं ते तिघींनाच: राणीसाहेबांना, सावलीला आणि केस विंचरणाऱ्या वेणीवालीला.

वेणीवाली आणि सावली सात वर्षं एका खोलीत, एका पांघरुणात निजलेल्या. एकीला ठेच लागावी आणि दुसरीचे डोळे भरून यावेत, अशी त्यांची माया.

"आज दुपारी धोबिणी गाठोडी घेऊन बाहेर पडतील, त्यांच्यात मिसळायचं," वेणीवाली म्हणाली. "डोक्यावरून चादर, चादरीवर गाठोडं. दरवान तोंडं बघत नाही, गाठोडी चाचपतो."

"आणि चुकून मलाच चाचपलं तर?"

"तर त्याचं नशीब फळफळलं म्हणायचं."

सावली हसली. "राणीसाहेब बावीस वर्षांच्या आहेत गं," ती म्हणाली.

"आणि तू काय म्हातारी झालीस? तू आत गेलीस, तर मी त्या भिंतीला कान लावून मरेन. बघायचंय ते?"

"नाही." सावलीने तिच्या कपाळावरची बट मागे सारली. "तू बाहेर पडायलाच हवीस. धोबीखान्याच्या मागे थांब. मी राणीसाहेबांची तयारी करून देते. पण दाराबाहेर पडेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. आणि हात सोडायचा नाही."

"सोडेन का?"

"शपथ घे."

वेणीवालीने शपथ घेतली.

धोबीखान्याच्या मागे ओल्या कापडांच्या रांगा फडफडत होत्या, धुण्याच्या खाराचा वास नाकात चढत होता. वेणीवालीचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी कापडं बाजूला सारत चादरीतली बाई आली. धोबिणी गुंडाळतात तसं फडकं हातांना गुंडाळलेलं, डोक्यावरचं गाठोडं एका अंगाला कललेलं. वेणीवालीने तो हात धरला. चादरीतली पावलं अडखळत पडत होती. तिचं काळीज गलबललं. एवढी हसरी सावली, आणि भीतीने पार वाळलं पान झाली होती.

दाराशी दरवानाने गाठोडी चाचपली. "गाठोडं धरलंय की तान्हं मूल? नवीन का ही?"

"नवीनच आहे. शिकेल," वेणीवाली म्हणाली.

"मुकी आहे का?"

"तुमच्यासारख्यांशी मुकंच राहावं, असं मीच शिकवलंय."

दरवान खो खो हसला आणि त्याने दाराचा आडणा सरकवला.

बाहेर लोहाराचे घण पडत होते, भाजीवाल्या ओरडत होत्या, उतारावरून पोरं चाकं पळवत होती. सात वर्षांत पायाखाली मातीचा रस्ता आला नव्हता. वेणीवालीच्या पायांना जणू घुंगरं फुटली.

"सुटलो गं," ती म्हणाली. "आता बोल की."

चादरीतून हुंदका आला.

"रड, पोटभर रड. नदीपलीकडे मावशी आहे माझी. तू पाणी भर, मी वेण्या घालीन लोकांच्या. तुझ्या केसांत मात्र रोज ताजं फूल."

वळणावर तिने मागे पाहिलं. वरच्या खिडकीत काळ्या जाळीची आकृती ताठ बसली होती.

"बसल्यात बघ. वाईट मलाही वाटतं. पण मी देवाकडे तुलाच मागितलं होतं, त्यांना नाही."

एवढ्यात खिडकीतली आकृती पुढे वाकली, जाळीआडून याच वळणाकडे बघत राहिली. वेणीवालीच्या हातातला हात घट्ट आवळला गेला. गाठोडं खाली पडलं, त्याबरोबर चादरही घसरली.

"मला इथला रस्ता माहीत नाही," राणीसाहेब म्हणाल्या.